आठ भागांतलं दुखणं

“जो आकडा डोळ्यांनी पाहिला नाही, तो लिहायचा नाही.”

रघुनाथ चौबळ हे मला पहिल्याच दिवशी म्हणाले. १९७४ सालचा ऑक्टोबर होता. मी पुण्याहून बदली होऊन चंदीगढला आलो होतो आणि ते मला आमची छोटी वेधशाळा दाखवत होते. दाखवण्यासारखं फार नव्हतंच. दोन खोल्या, एक व्हरांडा, आणि तारेच्या कुंपणाआड हिरवळीचा एक चौकोन. हिरवळीच्या मध्यावर चार पायांवर उभी असलेली पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी, पेटीत तापमापक. थोड्या अंतरावर पाऊस मोजायचं भांडं. एका खांबावर वाऱ्याची दिशा सांगणारा बाण. व्हरांड्यापासून पेटीपर्यंत साठ पावलं होती. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला ती साठ पावलं चालत जायचं, आकडे वाचायचे, खिशातल्या वहीत पेन्सिलीनं टिपायचे, परत येऊन मोठ्या नोंदवहीत शाईनं उतरवायचे आणि तारेनं पुढे पाठवायचे. चौबळ हे अठ्ठावीस वर्षं करत होते. त्यातली शेवटची आठ चंदीगढमध्ये.

“आकडा चुकला तर?” मी विचारलं.

“एक आडवी रेघ. वर खरा आकडा, बाजूला सही. खोडरबर मी इथे ठेवलेला नाही.”

“आणि जाताच आलं नाही तर? ताप आला, पाय मुरगळला…”

“मग फुली मारायची. फुली म्हणजे वाचन घेतलं नाही. फुली हाही पक्का आकडाच समजा.”

ते पेटीकडे चालू लागले. उंच, हाडकुळे, उजव्या कानावर पेन्सिल. नुकतेच लांबच्या प्रवासातून उतरल्यासारखा चेहरा. तो शीण पुढे सहा वर्षांत मी कधी उतरलेला पाहिला नाही. उजवा पाय ते किंचित बाहेरच्या कडेवर टेकवत होते. मी बुटाकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

“बूट चांगला आहे,” ते म्हणाले. “पाय वाईट आहे. गाउट.”

ते कुलाबा जिल्ह्यातल्या रेवदंड्याचे. घरी पत्नी सुनंदावहिनी आणि शाळेत जाणारी मुलगी उल्का. सरकारी क्वार्टर, पुढं दोन वाफे, मागं अंगण, अंगणाच्या भिंतीला लागून वहिनींनी लावलेला प्राजक्त. भिंतीपलीकडे एक शीख कुटुंब राहत होतं. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळी गल्ली बीजी म्हणायची, म्हणून चौबळही म्हणायचे.

आजाराची सुरुवात मी पाहिलेली नाही. पण चौबळांनी त्याची वही ठेवली होती आणि ती मी वाचली आहे. कुठल्याही गोष्टीची वही ठेवल्याशिवाय ती घडली असं त्यांना वाटत नसे. पहिली नोंद मे १९७२ ची. सकाळी उठले तो उजव्या पायाचा अंगठा सुजून लाल झालेला, चादरीचा काठ लागला तरी जीव कळवळत होता. पुढं रकाने आखलेले: तारीख, वेळ, कुठला पाय, काय खाल्लं, काय औषध, दुखणं. दुखण्याच्या रकान्यात आकडे होते. आमच्याकडे आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी भरलेत ते लिहितात. चौबळांनी दुखणंही तसंच मोजलं होतं. दोन अष्टमांश म्हणजे चालता येतं. पाच म्हणजे बूट घालता येत नाही. पहिल्या दिवसापुढे आठ लिहिलं होतं. पूर्ण झाकोळ.

डिस्पेन्सरीतल्या डॉक्टर नरेंद्र सूदनी रक्त तपासून युरिक अॅसिड वाढल्याचं सांगितलं, आणि बोटांवर मोजून तीन गोष्टी बंद केल्या: मीट, शराब, दाल. चौबळ पीत नव्हते. मटण घरात वर्षातून दोनदा शिजायचं, तेही थांबलं. तुरीची आमटी बंद करताना मात्र वहिनी दोन दिवस गप्प होत्या. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी एक पांढरी गोळी रोज घ्यायला सांगितली. किती दिवस, असं विचारल्यावर ते म्हणाले, “ज़िंदगी भर.”

गोळी सुरू केल्याच्या एकोणिसाव्या दिवशी डावा पाय सुजला. सात अष्टमांश. तो ओसरतो न ओसरतो तोच उजवा गुडघा. वहीत त्या ठिकाणी चौबळांनी लाल शाईनं लिहिलं होतं: “गोळीपूर्वी पन्नास वर्षांत एक झटका. गोळीनंतर सहा आठवड्यांत दोन. गोळी बंद.” डॉक्टरांकडे ते परत गेले नाहीत. भांडण नव्हतं काही. त्यांनी पाहिलं होतं, आणि पाहिलेलं लिहिलं होतं.

मग घरचे उपाय सुरू झाले. वहिनींच्या भावानं रेवदंड्याच्या वैद्यांना विचारून पत्र पाठवलं. वैद्यांनी आजाराला वातरक्त म्हटलं, गुळवेलीचा काढा सांगितला, आंबट आणि वांगं वर्ज्य केलं. पत्र वाचताना बीजी भिंतीवरून डोकावल्या.

“बहनजी, घर में हारसिंगार खड़ा है, और आप चिट्ठियाँ पढ़ते हो?”

हारसिंगार म्हणजे तो प्राजक्त. बीजींच्या माहेरी त्याची पानं उकळून सांधेदुखीवर देत. वहिनींनी ते झाड देवाच्या फुलांसाठी लावलं होतं. पहिली सात पानं तोडण्याआधी त्यांनी झाडाला हात जोडले, असं त्यांनीच मला पुढं सांगितलं. काढा इतका कडू होता की चौबळ तो पिऊन पाच मिनिटं कुणाशी बोलत नसत. नवव्या दिवशी पाय उतरला. वहीत नोंद आहे: “काढा. नऊ दिवस. शून्य.”

पुढच्या झटक्यालाही तसंच झालं. काढा, दहा दिवस, शून्य. त्याच्या पुढच्याही. गाउटचा झटका काही न करताही आठदहा दिवसांत आपोआप उतरतो, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. वहीत एकही खोटी ओळ नाही. मी ती पुन्हा पुन्हा वाचली आहे आणि दर वेळी मला तिची भीती वाटली आहे.

१९७६ च्या हिवाळ्यात एका झटक्यात मी त्यांना बघायला गेलो. पाय उशीवर, उशी खुर्चीवर. दुपारचं ऊन खिडकीतून नेमकं त्या पायावर पडलं होतं. स्वयंपाकघरातून एक खमंग, उग्र वास येत होता.

“तुम्हाला चालतं का हो भावोजी?” वहिनींनी विचारलं. “सोडे भाजतेय. यांना पेजेबरोबर.”

सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. दर दिवाळीला त्यांचा भाऊ डालड्याच्या डब्यात भरून पाठवायचा.

“नाही वहिनी, मी खात नाही.”

“मग तुम्हाला पोहे करते. आमच्याकडे आजारी माणसाला पेज आणि सोडे. नुसती पेज कशी उतरणार घशाखाली? आणि हे काढे पिऊन यांच्या तोंडाची चव गेलेली.”

भिंतीपलीकडून हाक आली. उल्का मागच्या दाराशी गेली आणि हसत परत आली.

“मम्मी, बीजी पूछ रही हैं, फिर कुछ जल गया क्या?”

“सांग त्यांना, जळलं नाही, भाजलं. दहा वर्षं झाली, दर वेळी तेच विचारतात.”

“वो बोल रही हैं, पूरी गली को पता है आज अंकलजी बीमार हैं.”

चौबळ डोळे मिटून होते. “बरोबर आहे त्यांचं,” ते म्हणाले. “मी आजारी पडलो की हा वास येतो.”

आम्ही सगळे हसलो. ते वाक्य मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं.

“पापा, यू शुड जस्ट टेक द टॅब्लेट,” उल्का म्हणाली. “सब लेते हैं.”

“घेतली होती.”

“छह हफ़्ते.”

“सहा आठवड्यांत दोन झटके. वही बघ.”

“आपकी वही!” म्हणून ती आत निघून गेली.

वहिनींनी वाडगा आणून दिला. वर तांबूस सोडे, लसूण, तिखट. चौबळांनी सावकाश, एकही शीत न ठेवता पेज संपवली. मग त्यांनी वही मागितली आणि ‘काय खाल्लं’ च्या रकान्यात लिहिलं: पेज.

त्यानंतरची दोन वर्षं वहीची पानं भराभर संपली. १९७७ मध्ये चार झटके, १९७८ मध्ये सात. बोटांच्या पेरांवर गाठी आल्या. उजव्या कानाच्या पाळीवर हरभऱ्याएवढी एक पांढुरकी गाठ उठली, तेव्हापासून पेन्सिल डाव्या कानावर गेली. आम्ही दोघं आठवडा आलटूनपालटून वाचनं घ्यायचो. त्यांच्या आठवड्यात ते सव्वाआठलाच निघत, कारण साठ पावलांना आता सात-आठ मिनिटं लागायची. मी एकदा म्हटलं, मी जातो. ते म्हणाले, “घरी मी आजारी असतो. इथे नसतो.” पुन्हा मी विचारलं नाही.

त्या वर्षी जयंत धारप आमचे अधिकारी म्हणून आले. पस्तिशीचे, सरळ मनाचे. त्यांनी खिडकीतून चौबळांना हिरवळ ओलांडताना पाहिलं आणि बोलावून घेतलं.

“चौबळ, दोन वर्षं उरलीत तुमची. टेबलाचं काम घ्या की. जुने तक्ते तपासायचे पडलेत ढीगभर.”

“दुसऱ्यांनी घेतलेले?”

“हो, मग काय झालं?”

“काही नाही. जोवर साठ पावलं चालता येतात तोवर मला तिकडेच राहू द्या.”

धारपांनी खिडकीबाहेर पाहिलं. “ठीक आहे. पण तुमच्या आठवड्यात नोंदवहीत पायामुळे एक जरी फुली दिसली, तरी मी तुम्हाला टेबलावर बसवणार. रागावू नका. एखाद्या दिवशी हिरवळीत पडाल.”

“पक्कं,” चौबळ म्हणाले.

१९७९ चा जानेवारी. धुक्याचा आठवडा, आणि तो चौबळांचा होता. मी नऊला पोचलो तेव्हा ते टेबलाशी बसलेले होते. सायकलरिक्षानं आले होते. उजव्या पायात बूट नव्हता, पाय मफलरमध्ये गुंडाळून दुसऱ्या खुर्चीवर ठेवला होता. मफलरच्या आकारावरूनच कळत होतं. आठ अष्टमांश.

नोंदवही उघडी होती. किमान तापमान ३.४. बाकीचे आकडेही, नेहमीच्या देखण्या अक्षरात. शाई वाळली होती. तार गेली होती.

मी टोपी काढून खिडकीशी गेलो. धुकं विरळ झालं होतं. थंडीत आमच्या हिरवळीवर इतकं दंव पडायचं की ती राखाडी दिसायची, आणि सकाळचं वाचन झालं की व्हरांड्यापासून पेटीपर्यंत पावलांनी दंव झडून हिरवी वाट उमटायची. रोज उमटायची. त्या दिवशी हिरवळ एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत राखाडी होती. अखंड.

मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. वळलो तेव्हा चौबळ माझ्याकडे बघत होते.

“चहा घेता?” ते म्हणाले.

“घेऊ.”

आम्ही चहा घेतला. दहाच्या सुमाराला ऊन आलं आणि सगळ्या हिरवळीवरचं दंव एकदमच गेलं.

धारपांना मी काही सांगितलं नाही. चौबळांशीही त्याबद्दल बोललो नाही. त्या शनिवारी, पाय पाच अष्टमांशावर आला तेव्हा, ते म्हणाले, “मला सूदकडे घेऊन चलता?”

डॉक्टर सूदचे केस पांढरे झाले होते. त्यांनी चौबळांना लगेच ओळखलं नाही. कान पाहिला, बोटं पाहिली, आणि मग ओळखलं. चौबळांनी वही पुढं केली. डॉक्टरांनी ती उघडून चष्मा लावला आणि वाचत राहिले. अक्षर मराठी, पण रकाने कुणालाही कळण्यासारखे. बाहेर बाकावर माणसं खोकत होती. डॉक्टरांनी घाई केली नाही.

“चौबळ साहब, इतनी अच्छी केस हिस्ट्री मैंने कभी नहीं देखी. ये आठ में से आठ क्या है?”

“दर्द.”

“और ये शब्द? हर अटैक में यही लिखा है.” त्यांनी बोट ठेवलं.

“पेज. चावल की पतली कांजी.”

“सिर्फ़ कांजी?”

“हाँ. साथ में थोड़ा सोडे. मुँह को स्वाद आता है.”

“सोडे क्या?”

चौबळांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “सूखा झींगा.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “मछली खाते हैं आप? बताया नहीं कभी.”

“मछली यहाँ कहाँ मिलती है,” चौबळ म्हणाले. “ये तो बस… डब्बे में आता है. घर से. बीमार आदमी को देते हैं.”

“जब पैर सूजता है, तब?”

“तब रोज़. दस दिन.”

डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. टेबलावरचा कागद त्यांनी सरळ केला. मीट म्हणताना आपण मासे म्हटलं नाही, हे त्यांच्या मनात आलं असावं. ते हळू बोलले. सुकी कोळंबी या आजारात मटणापेक्षा बरी नाही, वाईटच असेल. काढा आवडत असेल तर प्या, पण त्यानं रक्तातलं काही कमी झालेलं नाही. झटका स्वतःहूनच उतरत होता. आणि नुसत्या पथ्यानंही आता भागणार नाही. सांध्यांत वर्षानुवर्षं खडे साठलेत. गोळी ते विरघळवते. विरघळताना जुना साठा हलतो, म्हणून सुरुवातीला झटके येतात. तेव्हा आले ते त्यामुळेच. गोळी काम करत होती, आणि नेमकी तेव्हाच तुम्ही ती सोडलीत.

“तो मैंने जो देखा…” चौबळ म्हणाले आणि थांबले.

“ठीक देखा. थोड़ा ही देखा.” डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. “ये सूजन पूरी उतर जाए, फिर शुरू करना. छह महीने साथ में ये छोटी गोली. पानी ज़्यादा. अटैक आएँगे, गोली नहीं छोड़नी. एक साल बाद मुझे बताना.”

“फ़र्क़ कैसे दिखेगा?”

“दिखेगा नहीं. बहुत दिन कुछ नहीं दिखेगा.”

परतताना सायकलरिक्षात ते पाय माझ्या गुडघ्यावर ठेवून बसले होते. रस्ता सरळ, सरळच जात होता, दोन्ही बाजूंना सारखी घरं.

“सोड्यांचं घरी बोलायचं नाही,” ते म्हणाले.

“वहिनींना सांगायला नको? त्या करणारच की.”

“मला वास चालत नाही म्हणेन.” त्यांनी पायावरचा मफलर सारखा केला. “सात वर्षं ती माझ्या उशाशी वाडगा घेऊन बसली. ते काय आता तिच्या नावावर लिहायचं?”

गोळी फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाली. मार्चमध्ये झटका आला. एप्रिलमध्ये आला. जूनमध्ये, उकाड्यानं हिरवळ पिवळी पडलेली असताना, दोन्ही पायांना एकदम आला. सुदैवानं तिन्ही वेळा वाचनं माझ्या आठवड्यात पडली. मी भेटायला गेलो की ते वही दाखवायचे. औषधाच्या रकान्यात रोज तीच गोळी, जोडीला छोटी.

“सोडली नाहीत?”

“नाही.”

“वाटतं का बरं?”

“नाही.”

वाडग्यात नुसती पेज असायची, वर मीठ आणि तुपाचा थेंब. बीजी भिंतीवरून विचारायच्या, आज वास नाही, मग अंकलजी बरे आहेत का? वहिनी म्हणायच्या, नहीं जी, बीमार हैं.

सप्टेंबरनंतर वही रिकामी होत गेली. तारीख, गोळी, शून्य. तारीख, गोळी, शून्य. चौबळ साडेआठला पाच मिनिटं कमी असताना पेटीकडे निघू लागले. साठ पावलांना एक मिनिट लागू लागलं. मला वाटलं होतं, माणूस हलका होईल. तसं काही झालं नाही. ते पूर्वीसारखेच शिणलेले दिसायचे, आणि नोंदवहीत आकडे उतरवून झाले की हात कागदावर ठेवून बसून राहायचे.

दिवाळीत वहिनी आमच्या घरी फराळाचं ताट घेऊन आल्या. माझी बायको आत गेल्यावर त्या म्हणाल्या, “भावोजी, त्या दिवशी डॉक्टर नक्की काय म्हणाले हो?”

“रोज गोळी घ्यायची म्हणाले. पाणी जास्त प्या म्हणाले.”

“एवढंच?”

“एवढंच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बरं,” त्या म्हणाल्या. “दादाला लिहिलंय मी, यंदा डबा पाठवू नकोस म्हणून. यांना वास चालत नाही.” मग पदर सारखा करत उठल्या. “प्राजक्ताला यंदा फुलं बघा किती आली. सात वर्षं ओरबाडत होते मी त्याला.”

१९८० च्या फेब्रुवारीत गेल्या वर्षीच्या नोंदवह्या बांधून पुण्याला पाठवायच्या होत्या. मी धारपांच्या खोलीत सुतळी, लाख आणि पेटती मेणबत्ती घेऊन बसलो होतो. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. चौबळ आत आले. त्यांनी ढिगातून १९७९ ची वही काढली, धारपांच्या टेबलावर ठेवली, जानेवारीचं पान उघडलं, खिशातलं पेन काढलं आणि ३.४ वर एक आडवी रेघ मारली. मग त्या ओळीतल्या प्रत्येक आकड्यावर एकेक. वर फुल्या. बाजूला सही आणि आजची तारीख.

धारपांनी पान आपल्याकडे वळवलं.

“हे काय?”

“वाचन घेतलं नव्हतं.”

“अहो, वर्ष झालं याला. तार गेलीय, नकाशावर चढलंय. आकडा चुकीचा होता का?”

“माहीत नाही. पाहिला नव्हता.”

“आजूबाजूच्या आकड्यांत बसतोय की बरोबर. कुणीही शंका घेतली नसती. कुणी बोललं का तुम्हाला?”

चौबळांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “नाही,” ते म्हणाले.

धारप खुर्चीत मागं टेकले. माझ्या हातातली लाख वितळून कागदावर टपकली होती.

“मग तेव्हाच फुली का मारली नाहीत?”

“तुम्ही टेबलावर बसवलं असतंत.”

“आणि आता काय करू? आता तर कळवावं लागेल मला. खोटं वाचन म्हणून. तुम्हाला वाचनांवरून काढतील. कायमचं.” त्यांचा आवाज खाली आला. “चौबळ, आठ महिने राहिलेत. पाय आता ठीक आहे तुमचा. गेले पाच महिने रोज बघतोय मी, तरुण माणसासारखे जाता. आता कशाला? मी हे पान पाहिलंच नाही असं समजतो. वही बांधा आणि पाठवून द्या.”

“तुम्ही पाहिलंत,” चौबळ म्हणाले.

धारपांनी वही मिटली, पुन्हा उघडली.

“बरं. मग उद्यापासून टेबल,” ते शेवटी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “उद्या सकाळचं वाचन हे घेतील. तुम्हाला काही म्हणायचंय का? कारण म्हणून काहीतरी लिहावं लागेल मला. आजारपण लिहू?”

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. तो आठवडा चौबळांचा होता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं, दुसऱ्या खिशातली छोटी वही चाचपली, डाव्या कानावरची पेन्सिल हातात घेतली. खिडकीबाहेर हिरवळीवर पेटीची सावली लांब पडली होती. धारप उत्तराची वाट बघत होते. चौबळांनी दार उघडलं आणि ते पेटीकडे चालू लागले.